एकतीस हजार उत्तरं

कारखान्यात रोज सकाळी पहिलं काम एकच असे. कुलूप उघडायचं, पंखे लावायचे आणि शलाका मगदूमनं मोबाईल काढला की सगळ्यांनी तिच्याभोवती गोळा व्हायचं. ती पडद्यावरच्या एका बटणावर बोट ठेवी. दोन सेकंद काहीच होत नसे. मग हिरवी अक्षरं उमटत : 'एकूण सेल १८००. उत्तर दिलं १७७०. स्थिती ठीक.'

"आणि ते तीस?" दिलशाद मुजावर रोज विचारत.

"ते तीस अजून गप्पच आहेत, चाचा."

"तीस गप्प, म्हणून सतराशे सत्तर तुरुंगात. झकास कायदा आहे!"

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या आणि शलाकासकट नऊ माणसं. तिथं 'सोबत' नावाचं यंत्र तयार होई. ज्यांच्या छातीचे स्नायू थकले आहेत, ज्यांना स्वतःचा श्वास स्वतः ओढता येत नाही, अशा माणसांच्या उशाशी हे यंत्र बसे आणि मिनिटाला चौदा वेळा हवा आत ढकली. ते विजेवर चाले. वीज गेली की बॅटरीवर. नवी बॅटरी आठ तास पुरे. पण पहिल्या खेपेतल्या बॅटऱ्या आता साडेतीन वर्षांच्या झाल्या होत्या आणि जेमतेम चाळीस मिनिटं टिकत होत्या. त्या उन्हाळ्यात तर सगळ्या जिल्ह्याला दुपारी एक ते चार वीज बंद ठेवायची पाळी लावून दिली होती. काही घरांनी इन्व्हर्टर घेतले, कुणी शेजाऱ्याच्या रिक्षाची बॅटरी रोज उसनी आणू लागलं. काहीच सोय करता येत नव्हती अशी चौसष्ट घरं उरली. चाळीस मिनिटं संपली की तिथं कुणीतरी रबरी पिशवी हातात घेई. दवाखान्यात तिला अंबू म्हणतात. ती मुखवट्याला जोडायची, दाबायची, सोडायची. दोन तास वीस मिनिटांत साधारण दोन हजार वेळा.

त्या चौसष्टांत मुजावरांचंही घर होतं. त्यांची बायको जुबेदा दीड वर्षापासून 'सोबत'वर होती.

बंदरात अडकले होते ते या बॅटऱ्यांचे सेल. चौसष्ट बॅटऱ्या, प्रत्येकीत अठ्ठावीस सेल, वर आठ जास्तीचे.

हे सेल नव्या जातीचे होते. लोक त्यांना 'बोलके सेल' म्हणत. बोटाएवढ्या प्रत्येक सेलच्या टोपीखाली तिळाएवढी एक चकती असते. तिला बिनतारी प्रश्न विचारला की ती जागी होते, आपल्या सेलची प्रकृती तपासते आणि उत्तर देते : माझा दाब इतका, माझं तापमान इतकं, मी ठीक आहे. तपासणी आणि उत्तर मिळून दोन सेकंदांचं काम. मग ती पुन्हा झोपते. काही वर्षांपूर्वी भर समुद्रात बॅटऱ्यांनी भरलेलं एक जहाज जळालं होतं. त्या वेळी कुठला सेल कधी आजारी पडला हे कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हापासून असे बोलके सेल सक्तीचे झाले. नियमही कडक झाला. खेपेतल्या प्रत्येक सेलनं 'ठीक' म्हटल्याशिवाय एकही सेल बंदराबाहेर जाणार नाही. आणि कालचं शिळं उत्तर चालणार नाही. जेव्हा विचाराल तेव्हा थेट सेललाच विचारलं जाईल.

शलाकाच्या खेपेत साठ खोकी होती. एकोणसाठ बोलत होती, एक मुकं होतं. मुकं खोकं अग्निशमन पथकासमोरच उघडायचं आणि पथकापुढं चारशे खेपा रांगेत होत्या.

घरोघरचे फोन येत. "मॅडम, कधी मिळणार?" एक आई रडली, एका म्हाताऱ्यानं शिवी दिली. शलाकाला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं एक साधी गोष्ट केली. खेपेची स्थिती पाहण्याची लिंक चौसष्ट घरांना पाठवून दिली आणि खाली लिहिलं : 'मला फोन करायची वाट बघू नका. वाटेल तेव्हा स्वतःच बघा.'

फोन कमी झाले. हिरवी अक्षरं पाहून लोकांच्या जिवाला थोडी शांतता मिळू लागली.

खेप अडकल्यापासून तिसाव्या दिवशी १७७० ऐवजी १७५२ उत्तरं आली.

"रेंज नसेल तिथं," शलाका म्हणाली.

बत्तिसाव्या दिवशी १६०८. पस्तिसाव्या दिवशी हजाराच्या खाली. घरोघरचे लोक घाबरले, पुन्हा पुन्हा पाहू लागले. अडतिसाव्या दिवशी बंदरातून निरोप आला : उद्या तुमचं खोकं उघडणार, हजर राहा.

*

कोकणातलं ते कोंढरे बंदर नवं होतं. सगळीकडे सिमेंट आणि एकही झाड नाही. शलाकाचा माल सोडवणारे दलाल पुरुषोत्तम शेट्ये डोक्यावर ओला रुमाल टाकून फाटकात उभे होते.

"या मॅडम. चहा नको ना? चहा प्यायलात तर घामानं सगळा बाहेर येणार. त्यापेक्षा मीच तुमच्या वाटचा पितो."

बॅटऱ्यांची शेड बाकी शेडपासून अर्धा किलोमीटर दूर, वाळूच्या पोत्यांनी वेढलेली होती. सीमाशुल्क खात्याच्या सहायक आयुक्त वैशाली खोब्रागडे तिथं आधीच आल्या होत्या. नागपूरच्या बाई, पन्नाशीच्या, बोलायला शांत. जाड पोशाखातल्या दोन जवानांनी मुकं खोकं कापलं.

आत चंदेरी कागद होता.

परदेशातल्या कुणा पॅकिंगवाल्यानं याच एका खोक्याला ओलाव्यापासून वाचवायला धातूच्या मुलाम्याचं अस्तर लावलं होतं. डब्यात मोबाईल ठेवून झाकण घट्ट लावलं की रिंग वाजत नाही, तसं झालं होतं. बिनतारी प्रश्न त्या कागदावर आपटून परत जात होता. सेल मुके नव्हते, त्यांना ऐकूच येत नव्हतं. जवानानं तार लावून मोजलं. तीसच्या तीस सेल साडेतीन व्होल्ट, ठणठणीत.

"सुटलो!" शेट्ये म्हणाले. "एका कागदापायी एकोणचाळीस दिवस! मॅडम, गणपतीला नारळ ठेवा."

"थांबा," खोब्रागडेबाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरून सगळ्या खेपेला एकदम प्रश्न विचारला. उत्तर आलं : ४१२.

शलाकानं पिशवीतून आपलं मीटर काढलं. परवानगी घेऊन दुसऱ्या एका खोक्यातला सेल मोजला. पॉइंट नऊ. दुसरा, पॉइंट सात. तिसरा, एक पॉइंट एक. तीन व्होल्टच्या खाली जे कधी जाऊ नये, ते इथवर आलं होतं. जे अजून उत्तर देत होते तेही तीनच्या खालीच निघाले.

"असं कसं होईल? हे सेल वर्षभर नुसते पडले तरी काही होत नाही."

"नुसते पडले होते का?" बाईंनी पाटी तिच्याकडे वळवली. "मॅडम, ही लिंक तुम्ही कुणाला दिली होती का?"

पडद्यावर एक आकडा होता. विचारलेले प्रश्न : ३१,२१४.

शलाका इंजिनिअरिंग शिकलेली होती. उत्तर द्यायला ताकद लागते हे तिला ठाऊक होतं; ती ताकद ती चकती आपल्याच सेलमधून घेते हेही ठाऊक होतं. दिवसातून एकदा विचारलं तर कित्येक वर्षं पुरेल इतकी ती थोडी असते, हा हिशेब तिनं स्वतः करून पाहिला होता. आगीच्या भीतीनं सेल जहाजावर चढवतानाच तीस टक्के भरलेले असतात. झोपलेल्या माणसाला दर दोन मिनिटांनी हलवून 'झोप लागली का?' असं विचारत राहिलं, तर तो अडतीस दिवसांत वेडा होईल. चौसष्ट घरं. घरटी दिवसाला बारा-तेरा वेळा. प्रत्येक वेळी सतराशे सत्तर सेल उठले, 'ठीक' म्हणाले आणि थोडे थोडे संपत गेले. आकडा घटू लागला तसे लोक जास्त विचारू लागले.

"तुम्हाला हे दिसत नव्हतं?" तिनं विचारलं. आवाज चढला होता.

"प्रश्नांची संख्या दिसत होती. पण शेडमध्ये चार्जिंगला बंदी आहे, मॅडम. दिसलं असतं तरी मी काय केलं असतं?" मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मोठी कंपनी असेल. इतके लोक विचारतात म्हणजे."

शेट्ये डोक्यावरचा रुमाल काढून पिळू लागले.

कायद्यानं दोनच वाटा होत्या. माल तिथंच नष्ट करायचा, किंवा 'धातू काढण्यासाठी भंगार' म्हणून लेखी हमीवर न्यायचा : हे सेल पुन्हा सेल म्हणून वापरणार नाही. खोब्रागडेबाईंनी ते तीस चांगले सेल मात्र वेगळ्या कागदावर मोकळे केले. तेवढं त्यांच्या हातात होतं. शलाकानं हमीवर सही केली. दुसरी खेप मागवली तर आणखी तीन महिने लागणार होते.

*

कागदपत्रांत आणखी नऊ दिवस गेले. मग माल मिरजेला आला.

मुजावरांनी एक खोकं उघडलं, सेल बोटांत फिरवला आणि हसले. "ताई, एवढंच ना? जंप मारू."

कारखान्यात येण्याआधी मुजावरांनी स्टेशन रोडवर बावीस वर्षं मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवली होती. मेलेली बॅटरी चार्जर ओळखत नाही. मग दुसऱ्या जिवंत बॅटरीची तार तिला क्षणभर लावायची, जोराचा झटका द्यायचा. ती थोडी वर आली की चार्जर तिला ओळखतो. याला त्या धंद्यात जंप म्हणतात. प्रत्येक टपरीवाला करतो, गिऱ्हाइकाला सांगत नाही.

"चाचा, हे दोन आठवडे पार उतरून पडलेत."

"सहा महिने पडलेले उठवलेत मी."

शलाकानं त्यांना समोर बसवलं. बाकीची सातही माणसं हातातलं काम सोडून ऐकू लागली.

"सेलच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो. सेल पूर्ण उतरला ना, की हे तांबं आतल्या रसात विरघळायला लागतं. साखर पाण्यात विरघळते तसं. दिसत नाही, पण असतं. मग तुम्ही झटका देता, चार्ज करता. तेव्हा ते तांबं परत बाहेर येतं, पण आपल्या जागी नाही. भलत्याच ठिकाणी, केसांसारखं उगवतं. आत दोन बाजू वेगळ्या ठेवणारा एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. एखादा केस वाढत वाढत त्यातून आरपार गेला, की संपलं. आतल्या आत आग. आणि ती पाण्यानं विझत नाही."

"गेला तर ना!"

"बावीस वर्षांत किती जंप मारलेत तुम्ही?"

मुजावरांनी आढ्याकडे पाहिलं. "असतील सहाशे. जास्तच."

"त्यातले किती फुगले? खरं सांगा."

"...दोन. एकानं टपरीचं काउंटर जाळलं."

"म्हणजे तीनशेत एक. मोबाईलमध्ये एक सेल असतो, चाचा. आपल्या बॅटरीत अठ्ठावीस. चौसष्ट बॅटऱ्यांत सतराशे ब्याण्णव. तीनशेनं भागा."

कुणीच भागलं नाही. सगळ्यांना उत्तर कळलं होतं.

"सहा घरं," शलाका म्हणाली. "कुठली सहा, ते मला माहीत नाही."

"बाहेर ठेवू. खिडकीबाहेर, वाळूच्या बादलीत."

"दुपारी एकला, बेचाळीस अंशांत? उन्हानं तर केस आणखी भराभर वाढतील. आणि घरात ठेवली तर शेजारी असा माणूस, ज्याला उठून पळता येत नाही."

मुजावर उठले. "आणि नाही दिल्या तर किती घरं? ते पण भागा की."

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच यादीतलं पासष्टावं घर कमी झालं होतं. दाबणाऱ्या सुनेला फक्त दहा मिनिटं डुलकी लागली होती.

उरली ती त्या तीस सेलांतून होणारी एक चांगली बॅटरी. ती कुणाला द्यायची? शलाकानं यादी पुढ्यात घेतली. प्रत्येक नावापुढं एकच गोष्ट लिहिली : पिशवी दाबायला किती हात आहेत. कुपवाडचे हुपरीकर ड्रॉइंग मास्तर एकटे राहत. शेजारची बाई दुपारी येई, ती आता बाळंतपणाला माहेरी निघाली होती. शून्य हात असलेलं ते एकच घर होतं.

मुजावरांनी यादी पाहिली. जुबेदा मुजावर, हात : दोन.

"म्हणजे माझे हात शाबूत आहेत म्हणून माझी बायको मागं," ते म्हणाले. "छान. उद्या हात तोडून येतो."

"चाचा..."

"नाही ताई, बरोबर आहे तुमचं. गणितात बरोबर आहे."

ती बॅटरी त्यांनी स्वतःच जोडली आणि स्वतःच कुपवाडला पोचवून आले. त्यांच्यासारखी जोडणी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

कुपवाडला जाण्याआधी त्यांनी दारात थांबून सांगितलं, "एक ऐका. लोकांनी विचारून विचारून सेल मारले, हे त्यांना कळवू नका. नाहीतर जन्मभर आपल्या बोटाकडं बघत बसतील."

शलाकानं चौसष्ट घरांना लिहिलं : 'सेल खराब निघाले. चूक कारखान्याची आहे. कारखान्यातली माणसं रोज दुपारी तुमच्याकडं पिशवी दाबायला येतील, जमेल तितक्या घरी.'

*

चार दिवसांनी भंगाराच्या मोजणीत अठ्ठावीस सेल कमी भरले.

तिनं कुणालाही विचारलं नाही. साडेबाराला ती मुजावरांच्या घरी गेली. दर्ग्यामागच्या गल्लीत तळमजल्यावरची खोली, पुढं फरशीचं लहान अंगण. जुबेदा उशांना टेकून बसलेली, नाकावर मुखवटा. यंत्राशेजारी स्टुलावर बॅटरी होती, ॲल्युमिनियमच्या परातीत ठेवलेली. मुजावर तिच्यावर तळहात ठेवून बसले होते, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काल तीन तास चालली," ते शलाकाकडे न पाहता म्हणाले. "कोमटसुद्धा झाली नाही."

"चाचा, काढा ती."

"दोघं भांडताय," जुबेदा म्हणाली. तिचं बोलणं यंत्राच्या तालावर तुटत होतं. हवा आत आली की दोन-तीन शब्द, मग थांबायचं. "मला विचारलं... का कुणी?"

शलाका तिच्याजवळ बसली. "विचारते. भाभी, हिच्यात धोका आहे. खरोखरचा."

"सांगितलंय यानं. अकरात एक... म्हणतो." तिनं डोळ्यांनी नवऱ्याच्या हातांकडे खूण केली. मनगटाला क्रेप पट्टी गुंडाळलेली होती. "हे बघ. तीन महिने... रोज दुपारी... न चुकता... दाबतोय. परवा रडत होता. मला वाटलं... माझ्यासाठी. म्हणाला, बोटं... वळत नाहीत."

"काहीतरीच बोलते," मुजावर म्हणाले.

"सोल्डरिंगवाला आहे. बोटंच गेली... तर खाणार काय... श्वास?" ती हसली, यंत्रानं ते हसू मध्येच कापलं. "धुरानं... की गुदमरून. माझं... मी बघते. तू जा, पोरी."

एक वाजला. पंखा मंदावत थांबला. यंत्राचा आवाज क्षणभरही बदलला नाही. शलाका तासभर बसून राहिली. तिनंही बॅटरीवर हात ठेवून पाहिला. गार होती. निघताना ती म्हणाली, "स्टूल दाराजवळ घ्या. तार लांब करा. चिमटा जवळ ठेवा. आणि पिशवी तिच्या उशाशीच राहू दे." एवढंच तिला सुचलं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. बॅटरी चालली होती, हीच अडचण. गल्लीतून बातमी पसरली. "मुजावरांच्या घरी चालते, मग आम्हालाच का नाही?" "आपल्या माणसांना तेवढं दिलंत होय?" "लिहून देतो, मॅडम, घर जळालं तरी तक्रार नाही. फक्त द्या." दुपारपर्यंत एकवीस फोन झाले. बाविसावा फोन घेताना आपण 'बघते' म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं. सकाळपासून ती 'नाही' म्हणत होती.

तिनं मागच्या अंगणात दोन निळी पिंपं ठेवली, पाणी भरलं आणि मिठाची पोती रिकामी केली. मिठाच्या पाण्यात सेल उरलीसुरली ताकद सोडून देतो आणि गंजून कायमचा संपतो. ओंजळीओंजळीनं तिनं सतराशे बेचाळीस सेल त्यात सोडले. बारीक बुडबुडे येत राहिले. कारखान्यातली माणसं दारात उभी राहून बघत होती. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. मुजावर आले, पाहिलं आणि डबा उचलून घरी निघून गेले.

*

तिच्या वाट्याला आलेलं घर बुधगावला होतं. बारा वर्षांची ओजस्वी आणि तिची आई सुरेखा पाटोळे. सुरेखा घरी ब्लाउज शिवे. बाप नव्हता. दुपारी शलाका आली की सुरेखाला निदान पाठ टेकता येईल, म्हणून हे घर तिनं घेतलं होतं. पण सुरेखा आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसली आणि शलाकाच्या हातांकडे बघत राहिली.

जुनी बॅटरी अकरा मिनिटांतच संपली. शलाकानं पिशवी हातात घेतली. दाबायचं, सोडायचं, मनात चार मोजायचे. पोरगी डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती.

"मी रोज बघत होते तुमच्या लिंकवर," सुरेखा म्हणाली. "शिवता शिवता बघायचे. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. सगळं हिरवं. पोरीला दाखवायचे, बघ गं, तुझे सेल ठीक आहेत. आणि आता तुम्ही म्हणताय, खराब निघाले. मग ते हिरवं काय होतं? आम्हाला खेळवत होता?"

शलाका दाबत राहिली. एक, दोन, तीन, चार.

"बोला की. तोंड नाही होय?"

"चूक आमची झाली, ताई."

"चूक म्हणे!" सुरेखानं तोंड फिरवलं.

शलाकाचा मोबाईल गादीवर थरथरला. मुजावरांचं नाव. दोन्ही हात पिशवीवर होते. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"घ्या हो जरा. स्पीकरवर टाका."

सुरेखानं टाकला.

"ताई." मागं खोकला ऐकू येत होता. "ताई, पेटली. आवाज झाला, शिट्टीसारखा. अंगणात फेकली. धूर झालाय."

"भाभी?"

"यंत्र बंद पडलंय. पिशवी लावलीय. दाबतोय. उजवा हात... चिमटा घ्यायला वेळच नाही मिळाला, ताई. कातडं आलंय सोलून."

"डाव्या हातानं दाबा. कोपर गुडघ्यावर टेकवा. दार-खिडक्या?"

"उघड्या आहेत."

"शेजारी कुणी?"

"आग बघून पळाले सगळे. येतील. कुणाला तरी पाठवा, ताई. मला नाही जमायचं."

कारखान्यातली सगळीच माणसं त्या वेळी कुणाच्या ना कुणाच्या उशाशी बसलेली होती. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी होती. शलाकानं सुरेखाकडे पाहिलं. सुरेखा आपल्या मोबाईलवरून आधीच रुग्णवाहिकेला फोन लावत होती. तिकडून सांगत होते : चाळीस मिनिटं लागतील, किंवा जास्त.

"चाचा, रुग्णवाहिका निघतेय. तोवर मी मोजते. माझ्याबरोबर दाबा. घाई करू नका. एक."

"एक."

"सोडा. दोन, तीन, चार. दाबा. भाभींची छाती उचलली जातेय?"

"उचलतेय."

"मग चाललंय. एक. मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पाहिजे."

बुधगावात आणि दर्ग्यामागच्या गल्लीत दोन पिशव्या एकदम दाबल्या जात होत्या, एकदम सुटत होत्या. दहाव्या मिनिटाला मुजावरांचा आवाज बारीक झाला. पंधराव्या मिनिटाला त्यांनी 'तीन'नंतर पुन्हा 'दोन' म्हटलं.

"चाचा, चार. चार म्हणा."

बराच वेळ फक्त खोकला आला. ओजस्वीनं डोळे उघडले होते; ती फोनकडे बघत होती. सुरेखा पुढं सरकली. तिनं शलाकाच्या हातांवर आपले हात ठेवले, पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोला. इथलं मी बघते."

शलाकानं मोबाईल दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"चार, चाचा. दाबा."